सोनखत

मालवणच्या किनाऱ्यावरील जुन्या घरांत मोरीचे पाणी वाया जात नसे. परसातल्या केळीच्या किंवा माडाच्या आळ्यापर्यंत त्याला वाट करून दिलेली असे. अजूनही काही घरी ती दिसते. त्या गढूळ पाण्यावर केळ कशी तरारते! घरातील सांडपाण्यात, आणि त्याहूनही अधिक मलमूत्रात, नत्र व स्फुरद ही वनस्पतींची अन्नद्रव्ये असतात.

हीच द्रव्ये खाडीत फार झाली, तर मात्र तेथे शेवाळ माजते. ते मरून कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या समुद्रात पोवळी आहेत. १९८७ मध्ये तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले. पोवळ्यांवर शेवाळ पसरले, तर त्यांना सूर्यप्रकाशही मिळेनासा होतो.

म्हणून काही शहरांत सांडपाणी मोठ्या टाक्यांत घेऊन सूक्ष्म जंतूंच्या स्वाधीन करतात. काही जंतू नत्राला वायुरूप देऊन हवेत परत धाडतात. स्फुरदाला असे उडून जाता येत नाही. ते जंतूंच्या शरीरात साठते आणि गाळाबरोबर बाहेर काढावे लागते. हवेत गेलेले नत्र शेताला लाभत नाही. गाळातले स्फुरद लाभू शकते.

दोन्ही द्रव्ये शेतालाच मिळावीत, असा प्रयत्न सिंधुदुर्गातच कणकवली येथे झाला. अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ मध्ये तेथे गोपुरी आश्रम स्थापन केला. त्या काळी माणसांचा मैला माणसेच डोक्यावरून वाहून नेत, आणि हे काम काही जातींच्याच माथी मारलेले होते. अप्पासाहेबांना हा अन्याय सहन होत नसे. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम स्वतः मागितले. ते नाकारले गेले, तेव्हा त्यांच्यासाठी गांधीजींनीही येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभले.

मैला कोणाला वाहावाच लागू नये, म्हणून त्याचे जागच्या जागी खत करणारा ‘गोपुरी संडास’ अप्पासाहेबांनी तयार केला. मैल्यावर पालापाचोळा व माती टाकली की दुर्गंधी दबते, माशा बसत नाहीत आणि जंतूंचे काम सुरू होते. येथे उतावीळपणा कामाचा नाही. कच्चा मैला शेतात टाकला, तर जंतांची अंडी व रोगजंतू भाजीवाटे पुन्हा घरात येतात. तो काही महिने झाकून मुरू द्यावा लागतो. नीट मुरलेले खत काळसर आणि भुसभुशीत असते. त्याला मातीसारखा वास येतो. अशा खताला मराठी शेतकरी सोनखत म्हणतात.