उकाड्याच्या आधी येणारं ऊन
(ऋतू आणि त्वचा : भाग सहावा)

मागच्या भागात हिवाळ्याने कोरड्या पाडलेल्या कातडीबद्दल लिहिलं होतं. आज उन्हाळ्याकडे वळतो आहे. फेब्रुवारी संपत आला आहे, पहाटे अजून पांघरूण ओढून घ्यावंसं वाटतं, मग एवढी घाई कशाला, असं काही वाचकांना वाटेल. पण त्वचेच्या बाबतीत उन्हाळा आताच सुरू झालेला असतो, आणि एप्रिलमध्ये डॉक्टरकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ याच दिवसांत असतं.

उन्हातली उष्णता आपल्याला कळते. घाम येतो, डोकं तापतं, पाय आपोआप सावलीकडे वळतात. अतिनील किरणांचं तसं नाही. ते दिसत नाहीत, चटका देत नाहीत, आणि त्यांनी काय केलं ते काही तासांनी किंवा काही दिवसांनी अंगावर उमटतं. हे किरण किती तीव्र असणार, हे मुख्यतः सूर्य आकाशात किती वर चढतो त्यावर ठरतं. २१ डिसेंबरला पुण्यात भरदुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. २० मार्चला तो ७१ अंश ओलांडतो. मेच्या मध्यावर तो थेट डोक्यावर येतो आणि शून्य सावलीचा दिवस बघायला मुलं काठ्या रोवून बसतात. जमीन आणि हवा तापायला वेळ लागतो, म्हणून उकाडा मागून येतो. सूर्य मात्र आधीच वर चढलेला असतो. त्यात आपण उष्ण कटिबंधात राहतो, जिथे ओझोनचा थर थंड देशांवरच्या थरापेक्षा पातळ असतो. परिणामी आकाश स्वच्छ असेल तर फेब्रुवारीच्या अखेरीलाच महाराष्ट्रात दुपारचा अतिनील निर्देशांक ८ च्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटना ३ पासूनच काळजी घ्यायला सांगते. मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये तापमानाच्या जरा खाली हा आकडा असतो. या आठवड्यात रोज दुपारी तो बघा.

महाबळेश्वरला गेलेली मंडळी तर हमखास फसतात. हवा गार, वारा सुखाचा, स्ट्रॉबेरीच्या मळ्यात तासन्‌तास फोटो. पण ते गाव समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे आणि दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. घरी परतल्यावर नाक आणि कपाळ सोलून निघतं, आणि दोष जातो हॉटेलच्या साबणाला.

मार्चमध्ये आणखी एक गोष्ट हमखास दिसते. कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या बाहेरच्या बाजूला, आणि मानेवर मागे, बारीक खाजरे पुरळ उठतात; कुणाला पुरळाऐवजी फिकट चट्टे येतात. बाही जिथे संपते तिथे पुरळ सुरू होतं, अगदी रेघ मारावी तसं. घरात लगेच निदान होतं : उष्णता झाली. मग गुलकंद, सब्जा, थंड दुधाचा मारा सुरू होतो. हे पदार्थ चांगलेच आहेत, खुशाल घ्या, पण हे पुरळ पोटातल्या उष्णतेचं नाही. उन्हाचीच ही ॲलर्जी आहे. हिवाळाभर कमी प्रकाशाला सरावलेल्या कातडीवर तीव्र किरण अचानक पडू लागले की ती अशी बिथरते. पुढे मे-जूनपर्यंत अनेकांची त्वचा उन्हाला सरावते आणि पुरळ बसतं, त्यामुळे आपल्याला वाटतं गुलकंदाने गुण आला. ज्यांना हे दरवर्षी होतं, त्यांनी पूर्ण बाह्या घालायला आजपासूनच सुरुवात करावी. पुरळ उठल्यावर बाही लांब करण्यात फारसा अर्थ उरत नाही.

‘आपण सावळे, आपल्याला काय होणार’ हे वाक्य फार ऐकू येतं. त्यात अर्धं खरं आहे. मेलॅनिन ही कातडीने स्वतःच तयार केलेली ढाल आहे, आणि उन्हामुळे होणारे त्वचेचे कर्करोग आपल्याकडे गोऱ्या वर्णाच्या लोकांपेक्षा खूपच कमी दिसतात. पण तेच मेलॅनिन किंमतही वसूल करतं. आपली कातडी लाल होण्याऐवजी काळवंडते, आणि एकदा पडलेला डाग महिनोन्‌महिने राहतो. मुरूम फुटो, डास चावो, खरचटो, त्या जागी ऊन लागलं की डाग गडद होतो. गालांवरचा आणि कपाळावरचा वांग गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांनी सुरू झालेला असला तरी त्याला दरवर्षी खतपाणी घालतं ते हेच मार्चचं ऊन. वांगाच्या बाबतीत नुसते अतिनील किरणच नव्हे, डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही त्रास देतो. म्हणून अशा स्त्रियांना त्वचेच्या रंगाची छटा असलेलं, लोह ऑक्साइड घातलेलं सनस्क्रीन अधिक उपयोगी पडतं.

आता लिंबाबद्दल थोडं सविस्तर. या दिवसांत रस्त्याकडेला रसवंत्या सुरू होतात. चरकाच्या घुंगरांच्या तालावर ऊस, आलं आणि लिंबू एकत्र पिळलं जातं. तिथे काम करणाऱ्या पोराचा हात एकदा नीट बघा. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात तपकिरी पट्टा, तिथून मनगटाकडे उतरलेला ओघळ, पुढे दोन-चार सुटे ठिपके. रस जिथून जिथे वाहिला तिथे तिथे कातडी काळी पडलेली असते. कधी आधी फोड येऊन गेलेले असतात. कुणी म्हणतं वाफेने भाजलं, कुणी म्हणतं नागीण आहे. लिंबाच्या सालीत आणि रसात काही अशी द्रव्यं असतात की ती कातडीवर राहिली आणि वरून ऊन पडलं, तर ते ऊन कितीतरी पटींनी भाजतं. भाजल्याचं लगेच कळत नाही, एक-दोन दिवसांनी उमटतं, त्यामुळे लिंबाचा संशयही कुणाला येत नाही. याच जातीची द्रव्यं बावचीच्या बियांत असतात. कोडावर बावची पूर्वापार वापरली जाते आणि रुग्णालयांत त्याच द्रव्याचा उपचार मोजून-मापून, ठरावीक प्रकाशाखाली दिला जातो. एवढं ताकदीचं रसायन आपण ‘टॅन निघतो’ म्हणून लिंबाची फोड गालावर घासून लावतो आणि तसंच दुपारी बाहेर पडतो! रसवंतीवाल्याने दर खेपेला साबणाने हात धुवावेत, लिंबू चापाने पिळावं. घरच्यांनी लिंबू सरबतात घालावं, चेहऱ्यावर नको. डाळीचं पीठ, मुलतानी माती, चंदन यांनी चेहरा धुतल्याने स्वच्छ वाटतो, ते ठीक. पण त्यांतलं काहीही ऊन अडवत नाही.

ज्या गोष्टीसाठी मी हा भाग लग्नसराईच्या आधी लिहायचा आग्रह धरला, ती म्हणजे मेडिकलमधून आणलेली ‘गोरं करणारी’ ट्यूब. एप्रिल-मेमध्ये लग्न ठरलेलं असतं, फेब्रुवारीत मैत्रीण किंवा दुकानदार ती सुचवतो. तिच्यात बहुधा तीन औषधं असतात : एक स्टिरॉइड, एक हायड्रोक्विनोन आणि एक ट्रेटिनोइन. वांगासाठी डॉक्टर हे मिश्रण देतात, पण थोड्या आठवड्यांसाठी आणि डोळ्यांत तेल घालून. दुकानातून परस्पर आणलेल्या ट्यूबवर कुणाचंच लक्ष नसतं. पहिले दोन-तीन आठवडे चेहरा खरंच उजळतो, म्हणून ती चालूच राहते. मग कातडी पातळ होते, गालांवर लाल बारीक शिरा दिसू लागतात, मुरूम येतात, लव वाढते, आणि उन्हात पाऊल टाकलं की चेहरा पेटतो. ट्यूब बंद केली तर दोन दिवसांत चेहरा लालबुंद होऊन सुजतो, आणि घाबरून पुन्हा तीच लावली जाते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञ या गोष्टीविरुद्ध वर्षानुवर्षं ओरडत आहेत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टिरॉइड मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीचं बंधनही घातलं. तरीही ती सहज मिळतात, हे मला संतापजनक वाटतं.

घरातली प्रत्येक ट्यूब आज हातात घ्या आणि घटकांची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. महिनोन्‌महिने लावत असाल तर एकदम फेकून देऊ नका. त्वचारोगतज्ज्ञाला ट्यूब दाखवा. ती हळूहळू सोडवावी लागते आणि त्याला आठवडे लागतात. ते आठवडे मार्चमध्ये गेले तर बरं, ऐन मेमध्ये फार हाल होतात. जिच्यावर निर्मात्याचं नाव, पत्ता, घटक काहीच नाही अशी डबी असेल तर प्रश्न आणखी गंभीर. अशा काही क्रीममध्ये पारा सापडला आहे. सौंदर्यप्रसाधनांत पारा घालायला आपल्या कायद्याने मनाई आहे. नकळत आलेला असला तरी डोळ्यांचं प्रसाधन सोडता दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात अशी क्रीम वापरणाऱ्यांना मूत्रपिंडाचा आजार झाल्याचं समोर आलं, आणि आपल्या अकोल्यातूनही तशी बातमी आली होती. गोरेपणाच्या हव्यासापायी मुलींची मूत्रपिंडं जावीत, याहून वाईट काय असणार!

संरक्षणात पहिला मान कापडाचा. शेतात काम करणाऱ्या बाया साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात आणि डोक्याला-कानाला टॉवेल गुंडाळतात. ऊसतोडीच्या फडात, कांद्याच्या वावरात हाच पोशाख दिसतो. शहरात दुचाकीवरच्या मुलींचा स्कार्फ आणि सनकोट हा त्याचाच भाऊबंद. या पोशाखाला मी पैकीच्या पैकी गुण देतो, फक्त कापड तपासून घ्या. पांढरं तलम सुती कापड गार वाटतं, पण साध्या पांढऱ्या टी-शर्टमधून अतिनील किरणांचा सुमारे सातवा हिस्सा आत येतो. घामाने भिजला तर जवळजवळ तिसरा. दाट विणीचं, गडद रंगाचं कापड कितीतरी जास्त अडवतं. कापड खिडकीशी धरा. विणीतून उजेडाचे ठिपके दिसले तर तो स्कार्फ धूळ अडवेल, ऊन नाही. विरलेला शर्ट म्हणूनच बदलायला हवा. आणि हातमोजे विसरू नका, कारण हँडलवरचे हात सगळ्यांत जास्त भाजतात. मोटारीत काच वर असली तरी सगळं भागत नाही : बाजूची काच त्वचा भाजणारे किरण अडवते, पण डाग पाडणारे आणि सुरकुत्या आणणारे लांब लहरींचे किरण बऱ्याच अंशी आत येतात. रोज गाडी चालवणाऱ्यांचा उजवा हात बघा.

कापड जिथे पोहोचत नाही तिथे सनस्क्रीन. एसपीएफ ३० नीट लावलं तर भाजणाऱ्या किरणांचा साधारण तिसावा भाग आत येतो, ५० मधून पन्नासावा. म्हणजे दोन्हींत फरक फार नाही. फरक पडतो तो किती लावलं यात. चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावलेलं असतं, आपण त्याच्या निम्मंही लावत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ काढा. तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. या हिशोबाने रोज एकदा लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब महिना-सव्वा महिन्यात संपली पाहिजे. गेल्या उन्हाळ्यातली अर्धी ट्यूब कपाटात सापडली, तर गेल्या वर्षी काय झालं ते कळलंच. आणि ती दुचाकीच्या डिकीत तापत पडली असेल तर टाकून द्या. डब्यावर पीएपुढे जितकी अधिकची चिन्हं तितकं लांब लहरींपासून संरक्षण जास्त. तीन-चार असलेलं घ्या. बाहेर पडण्याच्या वीसेक मिनिटं आधी लावा, उन्हातच काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. कोकणात घामाने चिकट होतं, तिथे जेल घ्यावं; विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या झळांत क्रीम बरं, आणि रात्री मॉइश्चरायझर अजून बंद करू नये. हिवाळ्यात भेगाळलेल्या कातडीला सनस्क्रीनही चुरचुरतं आणि धुळवडीचा रंगही झोंबतो, तेव्हा आधी ती भरून येऊ द्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन नको. त्याला सावलीत ठेवा, झबलं-टोपडं घाला.

शेवटी गोळ्यांचं. मुरुमांसाठी दिलेली डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनोइन, रक्तदाबाच्या गोळ्यांतलं हायड्रोक्लोरोथायझाइड, काही वेदनाशामकं, यांनी कातडी उन्हाला हळवी होते. घरात आजी-आजोबांची गोळी चालू असेल आणि उघड्या भागावर पुरळ किंवा काळेपणा वाढत असेल तर गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बरेचदा पर्यायी गोळी मिळते.

पुढच्या भागात : घामोळं, नायटा, आणि टाल्कम पावडरीचा खरा उपयोग.