पवनानगरच्या शाळूसोबत्यांनो, हजेरी लावा!

पवना धरणाचं पाणी नदीवाटे रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. आपल्या बॅचचीही वाट तीच! कुणी भोसरीला, कुणी चाकणला, कुणी सासरी. त्यांना परत गोळा करायचंय? मग हे वाचा 👇

📌 यादी बाकांच्या रांगेप्रमाणे आठवा. खिडकीजवळ कोण, मागे कोण? वर्गातल्या एकीला तरी सगळ्यांचे हजेरी नंबर अजून पाठ असतात.

📌 मैत्रिणी सासरच्या आडनावात हरवतात. ग्रुपवर माहेरचं नावही लिहा. माहेरच्या वहिनीकडे नंबर हमखास मिळतो.

📌 ज्येष्ठांना इयत्ता नको, साल विचारा. दहावी बोर्डाची पहिली बॅच 1975 ची. त्याआधीचे सगळे अकरावी मॅट्रिकवाले.

📌 मेळाव्याची तारीख ठरवताना भातलावणी आणि कापणी टाळा, नाहीतर गावातलेच निम्मे गैरहजर!

📌 इथली पवना विद्या मंदिर ही शाळा तळेगावच्या नूतन महाराष्ट्र विद्या प्रसारक मंडळाची. शाळेला भेटवस्तू द्यायची तर आधी मुख्याध्यापकांना गरज विचारा. चौथं भिंतीवरचं घड्याळ कुणाला हवंय? रोख देणगीची पावती संस्थेच्या नावानेच घ्या.

📌 सर-बाईंना घरी जाऊन आमंत्रण द्या. शिपाईमामांना विसरू नका. मेळाव्याची घंटा त्यांच्याच हातून वाजू दे.

तिकोना किल्ला तसाच उभा आहे, फक्त आपले केस पिकलेत. तुमची बॅच कोणती? साल लिहा आणि म्हणा, "हजर!" 🙋