दुकानाचा दुसरा पत्ता

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा लक्ष्मी रोडवरच्या कापडदुकानदाराला किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला त्याचं सोयरसुतक असण्याचं काही कारण नव्हतं. साध्या टेलिफोनसाठीही अर्ज करून वाट पाहण्याचे ते दिवस. डायल-अपचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. स्वस्तातल्या खात्यावर नुसती अक्षरं दिसत. चित्रं पाहायची तर महागडं खातं घ्यावं लागे. ज्या गिऱ्हाइकाने दुकान इंटरनेटवर शोधायचं, त्याच्याच घरी इंटरनेट नव्हतं.

त्यामुळे छोट्या धंद्यांच्या सुरुवातीच्या वेबसाइट्सचा डोळा गावातल्या गिऱ्हाइकावर नव्हताच. तो होता परदेशातल्या खरेदीदारावर. १९९६ साली दिनेश अग्रवाल यांनी उत्तरेत ‘इंडियामार्ट’ सुरू केलं ते निर्यातदारांची सूची म्हणून. हस्तकलेच्या वस्तू, तयार कपडे, यंत्रांचे सुटे भाग असा माल तिथे मांडला जाई. गंमत अशी, की चौकशी यायची ई-मेलवर, पण ती ज्याच्यासाठी आली त्या कारखानदाराकडे ई-मेल नसे. मग ती छापून फॅक्सने त्याला पाठवली जाई. त्याच वर्षी मुंबईत व्ही. एस. एस. मणी यांनी ‘जस्टडायल’ काढलं, आणि त्यांनी वेबचा नादच केला नाही. फोन फिरवा, प्लंबर विचारा, केटरर विचारा, पलीकडून नाव-नंबर सांगितला जाई. जस्टडायलची वेबसाइट आली २००७ साली, म्हणजे तब्बल अकरा वर्षांनी. दोन्ही उद्योग टिकले. आपलं गिऱ्हाईक कुठे बसलंय आणि त्याच्या हाताशी काय आहे, हे दोघांनीही आधी पाहिलं होतं.

पुढच्या काळात वेबसाइट काढणाऱ्या बहुतेकांनी तेवढंच पाहिलं नाही.

नोव्हेंबर १९९८मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा देण्याची मुभा मिळाली आणि एसटीडी बूथच्या शेजारी सायबर कॅफेच्या पाट्या झळकू लागल्या. संगणकाचा कोर्स केलेला भाचा किंवा पुतण्या हा तेव्हाचा वेब डिझायनर. आराखडा म्हणाल तर छापील माहितीपत्रक उचलायचं आणि पडद्यावर टाकायचं. होम, अबाउट अस, प्रॉडक्ट्स, कॉन्टॅक्ट. पहिल्या पानावर संस्थापकांचा हार घातलेला फोटो, खाली उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांचा. उजवीकडून डावीकडे सरकणारं स्वागताचं वाक्य. तळाला ‘आपण अमुकावे पाहुणे’ सांगणारा आकडा, आणि हे पान ८०० बाय ६०० च्या पडद्यावरच चांगलं दिसेल अशी तंबी. दुकान कधी उघडतं, दुपारी बंद असतं का, हे मात्र कुठेही नाही. पुण्यात तरी ते सर्वांत आधी लिहायला हवं होतं.

ही पानं अनेकदा जिओसिटीजसारख्या फुकट जागेवर थाटलेली असत. १९९४ साली निघालेली ती सेवा याहूने १९९९मध्ये विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९मध्ये बंद केली. काही हौशी मंडळींनी धावपळ करून त्यातली बरीच पानं जतन केली, म्हणून त्या काळाचा थोडाफार माग आज लागतो. पण फुकटच्या जागेचा हा पहिला झटका इथल्या धंदेवाल्यांना फारसा बसला नाही, कारण तोवर त्यांचं त्या पानांवर काही अवलंबूनच नव्हतं. झटका पुढे बसायचा होता.

ही सगळी पानं इंग्रजीत होती. त्याला हौस कारणीभूत होती तशी अडचणही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून होती, पण दुकानातल्या संगणकावर मराठी म्हणजे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ किंवा तसंच एखादं सॉफ्टवेअर. लग्नपत्रिका आणि हँडबिलं त्यात झकास निघत. वेबवर मात्र तो फाँट पाहणाऱ्याकडेही असावा लागे, नाहीतर पडद्यावर नुसतीच चित्रविचित्र चिन्हं. मराठी वृत्तपत्रंसुद्धा वाचकांना आधी फाँट उतरवून घ्यायला सांगत. मग किराणा दुकानदाराने काय करायचं? त्याने मराठी मजकूर चित्र म्हणून चिकटवला, जो शोधयंत्राला वाचता येत नसे. ही अडचण आता उरलेली नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे देवनागरी फाँट कुणालाही मोफत वापरता येतात, मोबाइलवर मराठी लिहिणं शाळकरी पोरालाही जमतं. सवय मात्र उरली. महाराष्ट्रात मार्च २०२२च्या कायदादुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी सक्तीची झाली. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या बदलल्या. त्याच दुकानांच्या वेबसाइट्सवर अजून ‘वेलकम टू अवर वेबसाइट’ आहे, आणि त्यासाठी कुणी न्यायालयात जाईल असं वाटत नाही.

आराखड्यात वेबसाइटच्या नावाचा विचार शिरला तो २००५ सालापासून. तोवर ‘डॉट इन’ नावांचा कारभार मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होता आणि नियम इतके कडक, की १९९२ ते २००४ या काळात जेमतेम सात हजार नावं नोंदली गेली. जानेवारी २००५मध्ये धोरण सैल झालं, कारभार निक्सी या संस्थेकडे गेला आणि मार्च २०१०पर्यंत आकडा सहा लाखांच्या पुढे गेला. नावं विकण्याच्या धंद्यात मुंबईचीच दोन भावंडं, भाविन आणि दिव्यांक तुरखिया, १९९८पासून ‘डायरेक्टी’ चालवत होती. २७ ऑगस्ट २०१४ला देवनागरीतलं ‘डॉट भारत’ही आलं, बिलबुकावर किंवा पाटीवर ते क्वचितच दिसतं.

नाव घेतलं खरं, पण कुणाच्या नावावर? छोट्या धंद्यांच्या वेबसाइटच्या इतिहासातलं सर्वांत महागात पडलेलं दुर्लक्ष हेच. वेबसाइट करून देणाऱ्याने नाव आपल्याच खात्यात, आपल्याच ई-मेलवर नोंदवायचं आणि मालकाने फक्त बिल भरायचं, अशी सर्रास पद्धत होती. पागडीच्या गाळ्यासारखंच हे: वर्षानुवर्षं धंदा आपला, गुडविल आपलं, आणि कागदावर मालक भलताच. डिझायनर नोकरीला बंगळुरूला गेला, त्याचा फोन बदलला, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर येत राहिली, आणि एका सकाळी दुकानाच्या पत्त्यावर भलत्याच कुणाच्या जाहिराती. असे किस्से प्रत्येक गावात ऐकायला मिळतात. नोंदणी करणारी कंपनीच अडचणीत आली तर काय होतं तेही दिसलं. दिल्लीची नेट फोर इंडिया दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली आणि हजारो ग्राहकांना नावांचं नूतनीकरण किंवा स्थलांतर करता येईना; अखेर २०२१मध्ये आयकॅन या जागतिक संस्थेने तिची मान्यता काढून घेतली आणि ती नावं दुसऱ्या नोंदणीदाराकडे वळती केली. त्या काळात हेलपाटे घातलेल्यांना नाव कुणाच्या खात्यात आहे हे पुन्हा कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

नेमकं काम ठरवून केलेल्या वेबसाइटचं उदाहरण अनपेक्षित जागी सापडतं, मुंबईच्या डबेवाल्यांकडे. २००३मध्ये प्रिन्स चार्ल्स त्यांना भेटून गेले, २००५मध्ये आपल्या लग्नाचं निमंत्रणही धाडलं. त्याच सुमारास ‘माय डबावाला डॉट कॉम’ उभं राहिलं आणि एसएमएसवरूनही डबा लावण्याची सोय झाली. डब्याच्या झाकणावरच्या रंगीत खुणा, लोकलचा मालडबा, स्टेशनाबाहेरची वाटणी, यांतलं काहीही संगणकावर चढवलं गेलं नाही, कारण ते उत्तम चाललंच होतं. अडत होतं एवढंच, की शहरात नव्याने आलेल्याला डबेवाला गाठायचा कसा हे कळत नसे. वेबसाइटने तेवढं दार उघडलं. याउलट त्याच काळात कितीतरी कारखान्यांनी ‘फ्लॅश’मध्ये भिरभिरणाऱ्या बोधचिन्हांवर पैसे ओतले. आधी अर्धा मिनिट संगीत, मग ‘स्किप इंट्रो’. आयफोनने २००७पासून फ्लॅश चालवलाच नाही, एप्रिल २०१०मध्ये स्टीव्ह जॉब्झ यांनी खुलं पत्र लिहून कारणं दिली आणि ३१ डिसेंबर २०२०ला अडोबीने त्याचा पाठिंबा संपवला. ती बोधचिन्हं कुठल्याच पडद्यावर आता भिरभिरत नाहीत.

मे २०१०मध्ये ईथन मार्कॉट या अमेरिकी डिझायनरने एका लेखातून पडद्याच्या आकारानुसार आपोआप जुळवून घेणाऱ्या पानाची कल्पना मांडली. इथल्या डिझायनरांनी ती मनावर घेतली ती बऱ्याच उशिरा, २१ एप्रिल २०१५नंतर. त्या दिवसापासून गूगल मोबाइलवरच्या शोधात मोबाइलला साजेशी पानं वर आणू लागलं. आणि ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं. आता प्रश्न संगणकाचा नव्हताच. मिरजेतला सतार बनवणारा असो की पैठणीचा येवल्यातला विणकर, त्याचं गिऱ्हाईक हातातल्या चार-पाच इंची पडद्यावर, बहुधा रिक्षात बसून, फोन नंबर शोधत होतं. तरीही नंबर पानाच्या तळाशी, तोही चित्रात, म्हणजे बोट लावून फोन लागत नाही, असा प्रकार सुधारलेल्या म्हणवणाऱ्या वेबसाइट्सवरही पुढे कितीतरी दिवस चालू राहिला.

त्याच २०१६मध्ये यूपीआय आलं, जानेवारी २०१८मध्ये व्हॉट्सअॅप बिझनेस. मग ‘वेबसाइट हवीच कशाला?’ हा प्रश्न रास्तच होता. एप्रिल २०२०च्या टाळेबंदीत कोकणातल्या आंबा बागायतदारांनी त्याचं एक उत्तर दिलं. बाजार समित्यांचे व्यवहार विस्कळीत, हापूस झाडावर तयार. तेव्हा मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सअॅप गटांवरून मागण्या गोळा झाल्या, पैसे यूपीआयने आले आणि पेट्या थेट सोसायटीच्या फाटकावर उतरल्या. हे कुणी आराखडा करून घडवलं नव्हतं, गरजेने घडलं. पुढच्या मोसमात फरक दिसला तो असा: ज्याने त्या मागण्यांची नीट वही ठेवली आणि आपल्या बागेचं नाव, पेटीचा भाव, डझनांचा हिशेब, पाठवणीचे दिवस एका पानावर मांडले, त्याला जुनं गिऱ्हाईक शोधत आलं. ज्याच्या मागण्या गप्पांच्या गर्दीत वाहून गेल्या, त्याला पुन्हा ओळखीच्या सोसायटीचे अध्यक्ष गाठावे लागले.

फुकटच्या जागेचा दुसरा झटका या सगळ्या काळात शिजत होता. गूगलने नोव्हेंबर २०११मध्ये भारतात छोट्या उद्योगांसाठी वर्षभर मोफत नाव आणि वेबसाइट देणारी मोहीम काढली. तीन वर्षांत पाच लाख व्यवसाय आणण्याचं लक्ष्य होतं. वर्ष सरल्यावर पैसे भरायची वेळ आली, की अनेकांचा उत्साह ओसरे. मग २०१७मध्ये त्याच कंपनीने नकाशावरच्या नोंदीतूनच वेबसाइट बनवून देणं सुरू केलं, कायमचं फुकट. नाव, वेळ, फोटो, दिशा, सगळं दहा मिनिटांत. खरं सांगायचं तर भाच्याने केलेल्या चारपानी वेबसाइटपेक्षा ती कितीतरी उपयोगी होती, आणि अनेक पार्लरं, क्लासेस, खानावळी यांचा तोच एकमेव पत्ता झाला. मार्च २०२४मध्ये गूगलने ही सेवा बंद केली. १० जून २०२४पर्यंत जुना पत्ता टाकणाऱ्याला व्यवसायाच्या नोंदीकडे वळवलं जात होतं. त्यानंतर पान सापडत नाही एवढाच निरोप. या वेळी मात्र तो पत्ता व्हिजिटिंग कार्डांवर, कापडी पिशव्यांवर, टेम्पोच्या पाठीवर छापून झाला होता.

म्हणूनच असेल, पण आता नव्या वेबसाइटसाठी येणाऱ्या दरपत्रकांचा सूर जरा बदललाय. नाव मालकाच्या ई-मेलवर नोंदवलं जाईल, नूतनीकरणाची तारीख अमुक, मजकूर आणि फोटो कुणाचे, कुलूपचिन्ह आहे ना, अशा ओळी त्यात दिसू लागल्या आहेत. कुलूपचिन्हाचं कारण साधं: जुलै २०१८पासून क्रोम सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र नसलेल्या प्रत्येक पानाला ‘सुरक्षित नाही’ म्हणतं, आणि ते प्रमाणपत्र २०१६पासून मोफतही मिळतं. माल थेट विकायचा असेल तर २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नाव द्यावं लागतं. चौकशीचा अर्ज ठेवायचा तर २०२३चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा समोर असतो. मजकूर कोण लिहिणार, ही ओळ मात्र बहुतेक दरपत्रकांत अजून ‘ग्राहकाने पुरवावा’ एवढ्यावरच भागते, आणि काम सर्वांत जास्त तिथेच रेंगाळतं. दिवाळीच्या आधी सुरू झालेली वेबसाइट गुढीपाडव्याला उघडते ती याच ओळीमुळे, कारण भावांचा तक्ता मालकाच्या डोक्यात असतो आणि मालक गल्ल्यावर.