मोकळा बाजार आणि आपला बांबू

'उदारीकरण' हा शब्द आता पंचायतीत आणि बाजारातही कानी पडतो. शब्द मोठा आहे, पण अर्थ साधा आहे. सरकारने धंद्यावर घातलेली बंधने सैल करणे म्हणजे उदारीकरण. ती बंधने का होती, ती का सैल झाली आणि आपल्या सावलीकडच्या माणसाला त्यातून काय मिळाले, ते या पाठात पाहू.

1947 साली देश स्वतंत्र झाला. तेव्हा देश गरीब होता, कारखाने थोडे होते. परदेशी मालापुढे आपला माल टिकणार नाही, अशी भीती होती. म्हणून सरकारने कुंपण घातले. कारखाना काढायचा, तर परवाना. माल जास्त काढायचा, तरी परवाना. बाहेरून यंत्र आणायचे, तरी परवाना. कुंपणाने रोप वाचते, हे खरे. त्या काळात धरणे आणि पोलादाचे कारखाने उभे झाले. पण रोपाचे झाड झाल्यावरही कुंपण काढले नाही, तर तार बुंध्यात रुतते. तसेच झाले. स्कूटर किंवा टेलिफोन हवा असेल, तर लोकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे.

1991 साली मोठी अडचण आली. खनिज तेल आपण परदेशातून घेतो. तिथे आपला रुपया चालत नाही, डॉलर द्यावे लागतात. आखाती युद्धामुळे तेल महागले. देशाजवळ दोन-तीन आठवड्यांच्या खरेदीपुरतेच डॉलर उरले. नड आली की घरातले डोरले गहाण पडते, तसे देशाचे सुमारे 47 टन सोने गहाण पडले.

तेव्हा पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान होते. पूर्वी ते आपल्या विदर्भातल्या रामटेकहून लोकसभेवर गेले होते. डॉ. मनमोहन सिंग अर्थमंत्री होते. 24 जुलै 1991 रोजी बहुतेक उद्योगांचे परवाने रद्द झाले. बाहेरच्या मालावरची बंधनेही हळूहळू सैल झाली. कारखाने वाढले, व्यापार वाढला. आज आपल्या देशाची गणना जगातल्या मोठ्या बाजारांत होते.

शहराचे कुंपण असे निघाले. जंगलाचे मात्र राहिले.

बांबूचेच पाहा. बांबू हे गवत आहे. धान आणि ऊस त्याचेच भाऊबंद. पण 1927 च्या वन कायद्याने त्याला झाड ठरवले होते. त्यामुळे बांबू वाहून न्यायचा, तर परवान्याची अट. जंगलातला बांबू सरकार कागद गिरणीला ठेक्याने देई. बुरूड मात्र कार्डावर मिळेल तेवढ्या बांबूत सुपे-टोपल्या विणी.

2006 साली वनहक्क कायदा झाला. त्यात बांबू गौण वनोपज ठरला आणि त्यावर गावाचा हक्क मान्य झाला. वैनगंगेपलीकडे धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहान गाव आहे. 2009 साली त्या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर नेण्याचा परवाना वनखाते देईना. माल आपला, पण विकता येत नाही! असा हक्क काय कामाचा? ग्रामसभा हटली नाही. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी केंद्राचे मंत्री जयराम रमेश गावात आले आणि त्यांनी परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. शहराचे कुंपण निघाल्यावर वीस वर्षांनी हे घडले. पुढे 2017 साली जंगलाबाहेरचा, म्हणजे आपल्या बांधावरचा बांबूही 'झाड' या व्याख्येतून निघाला.

यात देशाचे खरे बळ दिसते. माणसे पुष्कळ, जमीन-जंगल पुष्कळ, हे बळ तर आहेच. पण लहान गाव कायदा दाखवून आपला हक्क मागू शकते, हे लोकशाहीचे बळ त्याहून मोठे.

आता एक सावधगिरी. बाजार मोकळा झाला, म्हणजे भाव चांगला मिळेलच असे नाही. दिल्लीचे दार उघडते, तसे बंदही होते. जुलै 2023 मध्ये बासमती सोडून इतर पांढरा तांदूळ परदेशी पाठवण्यास बंदी आली. ती सप्टेंबर 2024 मध्ये उठली. अशा हुकुमांचा परिणाम आपल्या बांधीतल्या धानाच्या भावावर होतो. म्हणून बातमी वाचावी, दोन ठिकाणी भाव विचारावा, मग माल काढावा.

मोकळ्या बाजारात ज्याला वाचता येते, तो कमी फसतो. काटा-चिठ्ठीवरचे वजन स्वतः वाचा. करारावर सही करण्यापूर्वी त्यातला भाव आणि पैसे देण्याची तारीख पाहा. ग्रामसभेत जमाखर्च मोठ्याने वाचायला सांगा. बायांनीही तिथे बसावे आणि विचारावे. तुम्ही आता अक्षरे शिकला आहात. त्यांचा पहिला उपयोग इथेच करा, असे आम्ही सांगतो.