पुन्हा अंगठाच!

ज्याला अक्षरओळख नाही त्याला मराठी भाषेने ‘अंगठेबहाद्दर’ म्हटले. त्या शब्दातील उपहास पुसून टाकण्यासाठी याच महाराष्ट्राने एकदा कंबर कसली होती. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, पुढे ती राज्यभर पसरली आणि प्रौढ स्त्रीपुरुष पाटी घेऊन बसले. त्यांच्या लेकीसुना सही करावयास शिकल्या. आज तीच सही करणारी स्त्री बँकमित्राच्या यंत्रावर पुन्हा अंगठा टेकवीत आहे! पडद्यावर काय उमटले, खात्यातून किती रक्कम गेली, हे समोरचा सांगेल तेवढेच तिला कळते. ही नवी निरक्षरता आहे, आणि ती जुनीपेक्षा महाग पडणारी आहे.

जळगाव म्हणताच ज्यांना खानदेश आठवतो, त्या शहरी वाचकांस बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद सहसा ठाऊक नसते. अक्षय्य तृतीयेच्या घटमांडणीमुळे या तालुक्यातील भेंडवळचे नाव वर्षातून एकदा वृत्तपत्रांत झळकते, एवढेच. सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख कापूस पिकवितो. पण रेल्वे गाठावयाची तर नांदुऱ्यास यावे लागते. डोंगराकडील काही वस्त्यांत निहाली बोलली जाते. कोणत्याही ज्ञात भाषाकुलात न बसणाऱ्या या भाषेचे भाषक जेमतेम दोन हजारांच्या घरात आहेत. त्यांना मराठी हीच परभाषा; मग मोबाइलच्या पडद्यावरील इंग्रजीची काय कथा!

याच वस्त्यांकडे सरकार आता मोबाइलच्या वाटेने येत आहे. २०२१ पासून पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर होऊ लागली. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. २०२५ मध्ये तिच्यासाठी ई-केवायसी सक्तीची झाली. योजना बहिणीची, परंतु ओटीपी येतो तो बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशातील फोनवर. हक्क एकीचा आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती, अशी ही व्यवस्था आहे.

सरकारने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटीने संगणक तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत नेला, हे निर्विवाद आहे. केंद्राच्या ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात २०१७ ते मार्च २०२४ या काळात सहा कोटींहून अधिक लोकांना प्रशिक्षण मिळाले. पण ते प्रशिक्षण किती? वीस तासांचे, आणि घरटी एकाला! घरातून एकालाच पाठवावयाचे म्हटल्यावर कोणाला पाठविले जाईल, हे सांगावयास ज्योतिषी नको. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील शंभरांपैकी ६१ पुरुषांनी इंटरनेट कधी ना कधी वापरले होते. स्त्रियांचा आकडा ३८ होता.

म्हणून प्रमाणपत्रांची संख्या मोजणे आता पुरे झाले. ‘उमेद’च्या बचत गटांतील चार शिकलेल्या स्त्रियांना आधी तयार करा, त्यांना नियमित मानधन द्या आणि गावच्या शाळेत, शेतातून परतल्यानंतरच्या वेळी, वर्ग भरवा. धडा पुस्तकातला नको, तिच्या गरजेचा हवा: खात्यातील शिल्लक पाहणे, पिकाची नोंद करणे, अर्ज भरणे आणि ओटीपी कोणास का सांगू नये हे समजणे. डोंगरातील वस्तीवर तेथील बोली जाणणारीच शिक्षिका असावी. कोणाच्याही मदतीवाचून बाईने आपले एक काम स्वतः केले, की ती उत्तीर्ण समजावी. निराळी परीक्षा नको.

तरुणांचा प्रश्न याहून एक पायरी पुढचा आहे. फोन त्यांच्या हाती आहे, पण त्यावर चित्रफिती पाहणे म्हणजे कौशल्य नव्हे. हिशेब ठेवणे, पत्रव्यवहार करणे, यंत्र दुरुस्त करणे हे तालुक्यातच शिकता आले पाहिजे. शुल्क भरता येत नाही म्हणून, किंवा संध्याकाळची एसटी चुकेल म्हणून, एखाद्या मुलीने वर्ग सोडावा ही गोष्ट या राज्याला शोभणारी नाही.

सातारच्या मोहिमेत गावानेच गावाला शिकविले होते. तेव्हा पाटी-पेन्सिल पुरली; आज थोडा अधिक खर्च येईल. तो न केल्यास सही शिकलेल्या पिढीला आपण पुन्हा अंगठ्यावर आणून सोडू, आणि त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल.