मागच्या चाकाचा रुसवा

मोटारीच्या मागच्या ब्रेकचे पॅड बदलणे हे जाणत्याच्या हाती तासाभराचे काम. चाक उतरवायचे, कॅलिपरचे बोल्ट काढायचे, जुने पॅड काढून नवे बसवायचे. मात्र या सरळ वर्णनात एक क्रियापद गाळलेले असते : पिस्टन आत घालणे. सारे रामायण घडते ते तिथेच!

पॅड झिजतो तसतसा पिस्टन बाहेर येतो. नवा, जाड पॅड बसवायचा तर त्याला माघारी पाठवावे लागते. पुढच्या चाकाचा पिस्टन बहुधा क्लॅम्पने दाबला की निमूट आत जातो. पण हँडब्रेकची तार मागच्या कॅलिपरलाच जोडलेली असेल, तर पिस्टनच्या पोटात स्क्रू असतो. असा पिस्टन बहुतेक गाड्यांत दाबत दाबत फिरवावाच लागतो. नुसता जोर केला तर आतली यंत्रणा बिघडते. हँडब्रेक बटणावर चालत असेल, तर आधी त्याची मोटर मागे घ्यावी लागते.

आमच्या जुन्या गाडीचे मागचे डावे चाक पावसाळा संपता संपता तापू लागले. दिवाळीला कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचे होते. एका गॅरेजात क्लॅम्प लावून झाला, पिस्टन हलेना. "कॅलिपरच बदला," असा निकाल मिळाला. आमच्या गल्लीतल्या वृद्ध मिस्त्रींना तो मान्य नव्हता.

त्यांनी हँडब्रेक सोडला, चाक जॅकवर उचलले आणि कॅलिपरचा निपल किंचित उघडला. चार थेंब तेल आले. चाक जडच राहिले. "नळी आतून बुजली असती, तर दाब सुटून चाक मोकळं झालं असतं, सर," ते म्हणाले. मग पॅड काढून माझ्या हातावर ठेवले. बाहेरचा निम्मा शाबूत, आतला पत्र्याला टेकलेला! कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांतली एक अडकल्याची ही खूण. तिचे रबर फाटले होते. पाणी शिरून गंज चढला होता.

कॅलिपर नळीवर लोंबकळू न देता त्यांनी तारेने टांगला. गंज सोडवणारे तेल पाजून पिन मागेपुढे फिरवत काढली. खड्डे पडलेले दिसताच ती टाकून दिली. नवी पिन, नवे रबर आणि सिलिकॉन ग्रीस. साधे ग्रीस रबर फुगवते. पिस्टन दोन खाचांच्या हत्याराने फिरवताच मुकाट आत गेला. वर टाकीतले तेल चढले, ते आधीच थोडे उपसले होते. रंगावर सांडले तर रंग उडतो.

एवढा खटाटोप कशासाठी? घासणारा ब्रेक उतारावर भयंकर तापतो. डॉट ४ जातीचे कोरे तेल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण हवेतला ओलावा त्यात मुरतो, आणि तशा तेलासाठी मानकाची मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळले की त्याची वाफ होते, वाफ दबते, आणि पाय खाली जातो तरी गाडी थांबत नाही. घाटातल्या वळणावर हे कळून काय उपयोग?

शेवटी मिस्त्रींनी हवा काढली, पेडल घट्ट होईतो मारले, मगच गाडी हलवू दिली. पाच किलोमीटर फिरून आलो. दोन्ही मागची चाके सारखीच कोमट होती.