अंगाला लागलं की अंगावर आलं?

'तब्येत सुधारली हं!' हे आपल्याकडे कौतुकाचं वाक्य. गाल वर आले, पोट सुटलं की माणूस सुखात आहे असं आपण धरून चालतो. माझ्यासारखा दवाखाना चालवणारा माणूस मात्र या वाक्यानं जरा सावध होतो.

चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा वाटोळा, लालसर. मानेमागे चरबीचा उंचवटा. पोट मोठं आणि हातपाय मात्र काड्या. असं विजोड शरीर दिसलं की मी पोटाची कातडी पाहतो. बाळंतपणाचे पांढरट वण बहुतेक बायकांना असतात. सेंटिमीटरभर रुंद जांभळे पट्टे मात्र वेगळंच काही सांगतात. मग विचारतो, ''काकू, पाटावरून उठताना हात टेकावा लागतो का?'' मांड्यांतली ताकद गेलेली असते. जरा लागलं तरी काळंनिळं होतं. पाळी चुकते, हनुवटीवर केस येतात, रक्तदाब आणि साखर वाढते, मन उदास राहतं. घरचे म्हणतात, वयाचं आहे!

हा कुशिंग सिंड्रोम. अमेरिकन मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी त्याचं वर्णन १९१२मध्ये केलं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. त्यांना हुकूम सुटतो मेंदूच्या तळच्या पिट्युटरीकडून. तिथे किंवा अ‍ॅड्रिनलमध्ये बारीकशी गाठ झाली की कॉर्टिसॉलचा पूर येतो.

पण खरं सांगू? गाठीपेक्षा मला पुडीच जास्त वेळा सापडते. गुडघेदुखीवर, दम्यावर कुणीतरी दिलेली बिननावाची पुडी. म्हणायला जडीबुटी, आत स्टेरॉईड. दोन दिवसांत गुडघा पळू लागतो, भूक खवळते, मग संशय कोण घेणार? पुढे हाडं ठिसूळ होऊन मणका खचतो, तेव्हा पुडीचं नाव निघतं.

मात्र ही पुडी, किंवा डॉक्टरांनीच दिलेलं स्टेरॉईड, घाबरून एकदम तोडू नका. बाहेरून आयतं मिळाल्यानं आपली ग्रंथी झोपलेली असते. औषध अचानक थांबलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. डोस हळूहळूच उतरवावा लागतो, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

पुडी नसेल, तर तपासणी अवघड नाही. रात्री अकराला डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅम मात्रा, सकाळी आठला रक्त. निरोगी शरीरात कॉर्टिसॉल खाली जातं, या आजारात बहुधा जात नाही. चोवीस तासांची लघवीही तपासतात.

आणि हो, येताना तीन-चार वर्षांपूर्वीचा एखादा लग्नातला फोटो आणा. रोज पाहणाऱ्या घरच्यांना न दिसलेला फरक त्यात चटकन दिसतो.